नाव टाकलेली रायफल

देवमन तायडे रायफल विकायला तयार झाले ते डोळ्यांपायी. निशाण्याचा एक काळा गोल त्यांना आता दोन ठिकाणी दिसत होता, आणि परवान्याचं नूतनीकरणही तोंडावर आलं होतं. याच रायफलीने १९८२ साली राज्य स्पर्धेत त्यांना तिसरा क्रमांक मिळवून दिला होता. पोस्टातली नोकरी सांभाळून हा पराक्रम केल्याचं ते जठारपेठेतल्या घरी आलेल्या पाहुण्याला चहा यायच्या आत सांगत. सुंदराबाई मात्र लग्नापासून तिला लोखंडच म्हणत. देवमनना पैशांची ओढ नव्हती. बायकोच्या कानावर एकदा दणदणीत किंमत पडावी, एवढंच त्यांना हवं होतं.

अमरावतीचे बंदूकविक्रेते नत्थुजी यांनी फोटो पाहून फोनवर साठ हजारांचा अंदाज दिला आणि जशी आहे तशी आणायला सांगितलं. चहा गाळणाऱ्या सुंदराबाईंचा हात थांबला. देवमनची छाती फुगली, आणि घोळ इथेच झाला. जशी आहे तशी साठ, तर जरा नटवली तर किती, असं त्यांच्या मनाने घेतलं.

आधी त्यांनी लाकडी दस्त्यावर सोफ्याचं उरलेलं व्हार्निश फिरवलं. दस्ता चमकला, म्हणून नळी कळकट दिसू लागली. ती त्यांनी चिंच आणि राखेने घासली. दुपारपर्यंत नळी नव्या पातेल्यासारखी पांढरी निघाली, पण मग रायफल इतकी कोरी दिसू लागली, की ती कुणाची होती हेच कळेना. तेव्हा तिला खोळीत घालून ते भांड्यांवर नावं टाकणाऱ्या देवीदासकडे गेले. त्याने जन्मभर ताटं, डबे आणि कळशा कोरल्या होत्या. सवयीने त्याने विचारलं, "कोनाकडून भेट लिहू?"

"भेट नाही रे. म्या कमावलं हाये."

नळीवर ओळ उमटली: 'श्री. देवमन तायडे, अकोला. राज्यात तिसरे, १९८२.'

दुसऱ्या दिवशी अमरावतीत नत्थुजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"तायडेसाहेब, हे काय करून आले? त्या जुन्या काळ्या रंगाचेच तर पैसे होते. आता बारा हजार."

सुंदराबाई शेजारीच बसल्या होत्या. देवमनना मान वर करवेना. नत्थुजी माणूस भला. त्यांनी वाट काढली. नाव घासून रंग परत चढवला तर वीसपर्यंत जाईल, दुसऱ्याच्या नावाची रायफल कोण घेणार? देवमन हो म्हणणार, तेवढ्यात सुंदराबाई बोलल्या.

"नाव काहून घासता?"

"बाई, घेनाऱ्याले अडचन होते."

"घेनाऱ्याचा कितवा नंबर आला होता?"

सुंदराबाईंनी स्वतः खोळीची चेन ओढली आणि परवान्यासाठी उद्या आपणच रांगेत उभं राहू, असं नवऱ्याला बजावलं.

बसमध्ये शेजारणीने विचारलं तेव्हा सुंदराबाईंनी सांगितलं, की दुकानदार साठ हजार देत होता, आमी देली नाही. मूर्तिजापूरला चढलेल्या बाईसाठी रायफल ऐंशी हजारांची झाली, बोरगावला लाखाची. देवमन खिडकीबाहेर पाहत सुखाने ऐकत होते. किमतीत त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही.

अकोल्याच्या स्टँडवर उतरताना सुंदराबाई कंडक्टरला म्हणाल्या, "राज्यात पयले आले होते आमचे हे."

देवमन पायरीवर थांबले.

"तिसरा," ते म्हणाले. "नळीवर लिहेल हाये."