फिनॉल प्रकल्पाचे चारशे दहा टक्के

सहकार्य हा सर्व प्रगतीचा पाया आहे, आणि पाया म्हटला की कुणाला तरी स्वतःला गाडून घ्यावंच लागतं. हे तत्त्व ध्यानात घेऊन महाविद्यालयाच्या रसायन विभागाने शेवटच्या वर्षाला ‘औद्योगिक सेंद्रिय रसायने’ या विषयात गटप्रकल्प सक्तीचा केला. एका गटात पाच विद्यार्थी, एका गटाला एक रसायन. (प्रत्येकाला वेगळं रसायन दिलं असतं तरी रसायनं पुरली असती, पण मग सरांना पाचपट तपासावं लागलं असतं. विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाचा प्रश्न असल्यामुळे तो मार्ग बाद झाला.)

आपल्या गोष्टीतल्या गटाच्या वाट्याला फिनॉल आलं. या गटात एक मुलगी होती. जाड भिंगांमुळे सगळे तिला ढापणी म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती, कारण हरकत घ्यायला वेळ नव्हता. उरलेल्या चौघांत एक कॅप्टन होता. फोनवरचा ग्रुप त्यानेच उघडल्यामुळे नेतृत्वाचा प्रश्न आपोआप सुटला होता. एक रंगारी होता. सादरीकरणाच्या पानांना तो रंग देणार होता. एक आजारी होती. बेंझीनचं नुसतं नाव निघालं तरी तिला कणकण यायची. आणि एक होहो होता. काहीही सांगा, तो “हो हो, करतो की!” म्हणायचा, आणि इतक्या मनापासून म्हणायचा की ते काम झाल्यासारखंच वाटायचं.

कामाची वाटणी पहिल्याच बैठकीत लोकशाही पद्धतीने झाली.

“तुला आवडतं ना गं हे? मग मजकूर तू घे,” कॅप्टन म्हणाला. चार विरुद्ध एक मतांनी ठराव संमत झाला.

मजकूर म्हणजे बेंझीन आणि प्रोपिलीनपासून क्युमीन, त्यात हवा सोडून हायड्रोपेरॉक्साइड, मग आम्ल घालून फिनॉल आणि अ‍ॅसिटोन. शिवाय कुठे किती माल आत गेला नि किती बाहेर आला याचा हिशेब, कारखान्याचा आराखडा, खर्च आणि सांडपाणी. उरलेलं काम चौघांनी आपसांत वाटून घेतलं. (उरलेलं काम: मुखपृष्ठ.)

“बाकीचे चौघे काय करतात गं?” ताट ठेवायला टेबलावर जागा शोधत आई विचारायची.

“ते गटात आहेत, आई.”

ढापणी हे सगळं मुकाट्याने करत होती त्याला कारण होतं. प्रत्येक गटातल्या एकाची सर एका मोठ्या रसायन कारखान्यात प्रशिक्षणासाठी शिफारस करणार होते. ऊर्ध्वपातनाचा मनोरा तिने इतक्यांदा काढला होता, इतक्यांदा खोडला होता, की एकदा तरी खऱ्या मनोऱ्याखाली मान वर करून उभं राहायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दुसरं काही नको होतं तिला.

प्रकल्प सरांना फार आवडला. विशेषतः मुखपृष्ठ.

मग शिफारशीचा दिवस उजाडला. पक्षपात होऊ नये म्हणून सरांनी स्वतःच शोधून काढलेली शास्त्रीय पद्धत अशी: एकेकाला केबिनमध्ये बोलवायचं आणि विचारायचं, “प्रकल्पात तुझा वाटा किती टक्के?” ज्याचा जास्त, त्याची शिफारस.

कॅप्टन पंचाण्णव म्हणाला. रंगाऱ्याने नव्वद सांगितले, कारण रंग नसता तर मजकूर कुणी वाचलाच नसता. होहोला सरांनी “ऐंशी धरू का?” विचारलं, तो “हो हो” म्हणाला. आजारी पंचाहत्तर म्हणाली, आणि बरं असतं तर शंभर झाले असते असंही तिने नोंदवलं.

ढापणीने आदल्या दिवशी बसून प्रामाणिकपणे हिशेब केला होता. मुखपृष्ठाचे वजा केले, रंगांचे वजा केले, होहोने एकदा खरोखरच झेरॉक्स आणून दिली होती तिचे वजा केले, आणि आजारीने एकदा “जमतंय ना गं?” असं प्रेमाने विचारलं होतं त्याचेही दोन वजा केले.

“सत्तर, सर.”

सरांचा चेहरा पडला. “फक्त सत्तर? अगं, मग उरलेले तीस टक्के तू करत काय होतीस?”

बेरीज झाली चारशे दहा. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम सर वीस वर्षं शिकवत आले होते. आत गेलेल्या मालापेक्षा बाहेर आलेला माल किलोभर जास्त दिसला, तर ते अख्ख्या गटाला नापास करत. पण ही बेरीज बघून ते गहिवरले. “याला म्हणतात सांघिक भावना!” म्हणाले, आणि कॅप्टनचं नाव लिहून सही ठोकली. ढापणीचा वाटा सगळ्यांत कमी असल्याने तिला पुढच्या वेळी जरा पुढाकार घेण्याचा सल्ला मिळाला.

ती जिन्यात बसून रडली. रडू आलं त्यापेक्षा राग जास्त आला. चौघांचा कमी, त्या वजा केलेल्या दोन टक्क्यांचा जास्त.

कारखान्यातून कॅप्टनचा फोन आला. “ए ढापणे, इथले साहेब विचारतायत, ते हायड्रोपेरॉक्साइड जास्त तापू का द्यायचं नाही? पटकन सांग, समोर उभे आहेत.”

न सांगण्याचा मोह तिला झाला. मग त्या मनोऱ्याखाली काम करणारी माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली.

“फुटतं ते,” ती म्हणाली. “आसपासच्या सगळ्यासकट.”

“थँक्स हं! साहेब, मला वाटतं, ते फुटत असावं,” असं पलीकडे ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

पुढे ही हकीगत कुणीतरी नावं गाळून लिहून काढली आणि ती या फोनवरून त्या फोनवर फिरत त्या गटापर्यंत पोचली. रंगाऱ्याने ती आपल्या भावाला पाठवली, होहोने मित्रांना, आजारीने आईला. सगळ्यांनी खाली एकच ओळ लिहिली: अगदी माझीच गोष्ट. कॅप्टनचे तर वाचताना डोळे भरून आले. लोक आपल्या जिवावर किती मजा मारतात, हे कुणीतरी लिहिलं एकदाचं, असं तो म्हणाला.

तुम्हीही मघापासून ढापणीच्याच बाजूने मान डोलावताय ना? डोलावा. गटात पाच जण असतात, आणि वाचताना पाचही जण तेच करतात.