थेट पीएच.डी.ची फाईल

देसाई अप्पा टूथपेस्ट बदलायची झाली तरी शेजाऱ्यांचा अभिप्राय घेतात. तोही लेखी, सहीसकट.

धारवाडच्या मळमड्डीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे पहिली सही नेहमी माझी. अप्पांची सगळी नोकरी कलघटगीच्या तालुका कचेरीत गेली. तिथे त्यांनी एकही निर्णय घेतला नाही, म्हणून एकही चुकला नाही. हे ते अभिमानाने सांगतात. काहीही विचारा, उत्तर एकच. "नोडोणरी." म्हणजे बघू या.

यंदा त्यांनी मुलीची फाईल उघडली. शर्वरीने मानसशास्त्राची चार वर्षांची पदवी घेतली आणि तिच्यापुढे दोन वाटा आल्या. इथेच धारवाडात दोन वर्षं एम.ए., नाहीतर एम.ए. वगळून थेट दिल्लीला पीएच.डी., किमान पाच वर्षं. सोमवारपर्यंत होकार कळवला नाही तर दिल्लीची जागा जाणार होती. अप्पांनी गुलाबी फाईल आणली, समास आखला आणि ती गल्लीत फिरवली.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने लिहिलं, "डॉक्टरीण झाली तर गल्लीला औषध फुकट." एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दोन पानं भरली, त्यात मानसशास्त्र सोडून सगळं होतं. रिक्षावाल्या मल्लप्पाने फाईल हातात न घेताच विचारलं, "मदुवी यावाग री, अप्पा? लग्न कधी?" मी लिहिलं, "मुलीला विचारा."

"तसं चालत नाही, वहिनी," अप्पा म्हणाले. "ती हितसंबंधी पक्ष आहे."

हितसंबंधी पक्ष माझ्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसला होता. "मला दिल्लीच हवी आहे, काकू. पण आईला जाऊन सहा वर्षं झाली. अप्पा स्वतःहून जा म्हणाले तरच जाईन."

"म्हणजे राहिलीस," मी म्हटलं. त्या माणसाने आयुष्यात कुणाला 'जा' म्हटलेलं नाही.

रविवारी सकाळी मतं समसमान निघाली आणि अप्पांनी प्रकरण वरिष्ठांकडे, म्हणजे गल्लीतल्या मारुतीकडे पाठवलं. कौल लावायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक फूल चिकटवायचं, ज्या बाजूचं आधी पडेल ती देवाची आज्ञा. उजवं पीएच.डी., डावं एम.ए. शर्वरी हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. पुजारी घंटा वाजवण्यात गुंतलेला. साक्षीला मी. माझा कौलावर विश्वास नाही, म्हणून माझे डोळे उघडे होते.

अप्पांनी डावं फूल गंधात चांगलं बुडवलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं. पत्रावर तिकीट चिकटवावं तसं. उजवं कोरडंच नुसतं टेकवलं. पुजाऱ्याची घंटा थांबायच्या आत ते खाली आलं.

"अप्पा!" शर्वरीने डोळे उघडले. "उजवं!"

"देवाचीच मर्जी," अप्पा म्हणाले. "जा आता. लगेच कळव त्यांना."

ती पळत घरी गेली. आम्ही मागून चालत निघालो. अप्पांच्या अंगठ्याचं गंध अजून ओलं होतं.

आमच्या फाटकापाशी ते थांबले.

"वहिनी, एकट्या माणसाला दूध किती लागतं हो?"

"अर्धा लिटर," मी म्हटलं. "आणि दुपारचा चहा माझ्याकडे."