दोन वर्षं, जवळपास रोज

हेमचंद्र टिपणीस यांनी वाचनालयाच्या फॉर्मवर 'व्हेटरन' या शब्दापुढच्या चौकोनात बरोबरची खूण केली, तेव्हा त्यांच्या मनात काहीही वावगं नव्हतं. व्हेटरन म्हणजे मुरलेला. वर्तमानपत्रात व्हेटरन गायक असतात, व्हेटरन नट असतात. कार्यक्रम होता कोरियन युद्धावरच्या चित्रपटांविषयी, आणि असे एकसष्ट चित्रपट पाहिलेला दुसरा माणूस अमेरिकेतल्या या आख्ख्या हर्नडन गावात असेल, असं त्यांना वाटत नव्हतं.

नागपूरहून मुलीकडे, रेणूकडे, कायमचं राहायला आल्याला त्यांना दोन वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात सुवर्णाबाईंना नातीने, रुचाने, कोरियन मालिका लावून दिल्या आणि त्या तिथेच रमल्या. बायको सोफ्याच्या एका टोकाला रडते आहे आणि का ते आपल्याला कळत नाही, हे हेमचंद्रांना खटकू लागलं. मग त्यांनी दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर, त्याच देशाचे पण युद्धाचे चित्रपट बघायला सुरुवात केली.

ते नुसते बघत नसत. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढलेली नजर होती. त्यांनी एक वही केली होती. 'चित्रपट क्र. १२. बहिणीचा फोटो दाखवला. हा आता मरणार. (मेला.)' 'क्र. १९. गोळी लागल्यावर नऊ मिनिटं बोलतो. मागे लढाई थांबलेली.' 'क्र. २८. खंदकाला उतार नाही. पाणी कुठे जाणार?'

फॉर्ममध्ये पुढे 'युनिट' असा रकाना होता. त्यांनी लिहिलं, 'इरिगेशन प्रोजेक्ट डिव्हिजन, नागपूर.' सिनेमाच्या कार्यक्रमाला हे कशाला हवं, असा प्रश्न त्यांना पडला नाही. फॉर्ममध्ये दोन-चार रकाने उगीच असायचेच, हा त्यांचा सरकारी अनुभव होता. 'रँक': हेड ड्राफ्ट्समन. 'सर्व्हिस': चौतीस वर्षं. शेवटी 'कोरियन युद्धाचा अनुभव' असा मोठा रकाना होता. तिथे ते जरा थांबले आणि मनापासून लिहिलं, 'दोन वर्षं, जवळपास रोज. फार दुःखद.'

तीन दिवसांनी वाचनालयातून डेबी नावाच्या बाईंचा फोन आला. रेणू ऑफिसला गेली होती, हेमचंद्र आंघोळीला. फोन सुवर्णाबाईंनी घेतला.

"मिस्टर टिपणीस आम्हाला लाभले, हा आमचा बहुमान आहे," डेबी म्हणाली. "आम्ही त्यांना स्टेजवर बसवणार आहोत. त्यांची तब्येत कशी असते?"

कुणी तब्येतीचं विचारलं की खरं ते सांगायचं, ही सुवर्णाबाईंची रीत होती. इंग्रजी आड येत होतं, पण अवयवांची इंग्रजी नावं त्यांना डॉक्टरकडे जाऊन जाऊन पाठ झाली होती. "नी प्रॉब्लेम," त्या म्हणाल्या. "बोथ. शुगर. लेफ्ट इअर नो. बॅक, ओन्ली मॉर्निंग."

"अरे देवा," डेबी म्हणाली, आणि तिने व्हीलचेअरची व्यवस्था केली.

शनिवारी दुपारी रेणूने दोघांना वाचनालयाच्या दाराशी सोडलं. "बाबा, मी जरा रुचाला पोहायच्या क्लासला ड्रॉप करून येते. अर्ध्या तासात पोचते. तोपर्यंत कुठे जाऊ नका."

"आम्ही कुठे जाणार?" हेमचंद्र म्हणाले.

दारात डेबी आणि दोन स्वयंसेवक उभे होते. स्वयंसेवकांनी कडक सलाम ठोकला. "थँक यू फॉर युअर सर्व्हिस, सर!"

हेमचंद्र जागच्या जागी थबकले. चौतीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्तीच्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. भिंतीवरचं घड्याळ शिपायाच्या हातून मिळालं होतं. आणि इथे, सातासमुद्रापार, ही परकी माणसं सेवेबद्दल आभार मानत होती. फॉर्म नीट वाचलेला दिसत होता. त्यांचे डोळे पाणावले. ते पाहून डेबीचेही पाणावले.

"तुम्ही किती छान दिसता!" ती म्हणाली. "मुळीच वाटत नाही एवढ्या वयाचे!"

"ऐकलंस?" हेमचंद्र सुवर्णाबाईंना म्हणाले.

"खुर्ची आणलीय बघा तुमच्यासाठी. बसा, त्यांना वाईट वाटेल," सुवर्णाबाई म्हणाल्या. एवढ्या सन्मानानंतर खुर्चीला नको म्हणणं हेमचंद्रांनाही शोभलं नसतं. ते व्हीलचेअरवर बसले आणि त्यांची मिरवणूक सभागृहात गेली.

सभागृहात दीडशे तरी माणसं होती. स्टेजवर आणखी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. नाव वॉल्टर, वय ब्याण्णव, डोक्यावर सैनिकी टोपी, कोटावर दोन पदकं. त्यांनी हेमचंद्रांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. हेमचंद्रांना कौतुक वाटलं. एकसष्ट चित्रपट पाहणाऱ्याला खऱ्या सैनिकाशेजारी बसवतात, म्हणजे या देशात प्रेक्षकाची कदर आहे.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर लढाईची दृश्यं सुरू झाली. धूर, किंकाळ्या, टेकडीवर चढणारे सैनिक. हेमचंद्रांनी मनातल्या मनात क्रमांक ओळखले. आठ, चौतीस, एकोणपन्नास. दिवे लागल्यावर डेबी माईकपाशी गेली.

"हे तुम्ही पडद्यावर पाहिलंत," ती म्हणाली, "पण या दोघांनी ते प्रत्यक्ष भोगलंय. भारताने त्या युद्धात वैद्यकीय पथक पाठवलं होतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मिस्टर टिपणीस त्यांच्या देशात ड्राफ्ट झाले. कोरियाच्या युद्धात दोन वर्षं होते. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, 'जवळपास रोज.'"

अमेरिकेत 'ड्राफ्ट' करतात म्हणजे सक्तीने सैन्यात भरती करतात, हे हेमचंद्रांना चित्रपट क्रमांक सातपासून ठाऊक होतं. 'व्हेटरन' म्हणजे इथे माजी सैनिक, हे आता उमगलं. झाला घोटाळा ताबडतोब दुरुस्त केला पाहिजे, म्हणून ते व्हीलचेअरवरून ताडकन उठले.

आख्खं सभागृह उठून उभं राहिलं. नव्वदी ओलांडलेला पंगू सैनिक आपल्या पायांवर उभा राहिला होता. टाळ्या थांबेनात. "नो, नो," हेमचंद्र हात हलवून म्हणाले. टाळ्या वाढल्या. ते खाली बसले, तेव्हा कुठे लोक बसले. दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा उठण्याचा प्रयत्न केला, तर पहिल्या रांगेतली माणसं पुन्हा उठायला लागली. त्यांनी नाद सोडला. सुवर्णाबाईही टाळ्या वाजवत होत्या. कशासाठी ते त्यांनी शेजारणीला विचारलं नाही. आपल्या माणसासाठी वाजतायत, एवढं त्यांना पुरेसं होतं.

आधी वॉल्टर बोलले. आवाज थरथरता, पण सांगण्याची हातोटी मोठी. एका टेकडीवर ते तीन दिवस अडकले होते. पाऊस कोसळत होता. त्यांचा एक कोरियन दोस्त होता, किम नावाचा. त्याच्या डाव्या खांद्यात गोळी घुसली. "मी माझा शर्ट फाडला," वॉल्टर म्हणाले, "आणि त्याचा उजवा खांदा घट्ट बांधला. त्याने खिशातून अर्धं वाळलेलं फळ काढून मला दिलं. म्हणाला, उरलेलं अर्धं माझ्या आईला दे. आणि पाऊस थांबला."

लोक रडत होते. हेमचंद्र मात्र ताठ झाले होते. अर्धं फळ. थांबलेला पाऊस. आणि डावा खांदा, मग उजवा. चित्रपट क्रमांक सदतीस. त्यांच्या वहीत त्या दृश्यापुढे लाल शाईत लिहिलेलं होतं, 'गोळी डावीकडे, पट्टी उजवीकडे. कुणाचं लक्ष नाही.' वॉल्टरनी चित्रपटाच्या चुकीसकट युद्ध सांगितलं होतं.

"मिस्टर टिपणीस," डेबीने माईक त्यांच्यापुढे धरला, "चित्रपटांत सैनिक दाखवतात, ते कितपत खरे असतात?"

हेमचंद्रांनी घसा साफ केला आणि आपल्या स्वच्छ, सरकारी इंग्रजीत सांगितलं, "मी कोरियात कधीच नव्हतो. मी काही पाहिलेलं नाही. मी फक्त टीव्हीवर पाहिलं."

डेबीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुष्कळ सैनिक असंच म्हणतात," ती लोकांना हळुवारपणे म्हणाली. "'मी तिथे नव्हतोच.' त्यांच्या मनाला तोच एक आधार असतो." मागे कुणीतरी हुंदका दिला.

आता यापुढे खरं कसं बोलायचं, ते हेमचंद्रांना कळेना. प्रश्न तर चित्रपटांचा होता. त्याचं तरी प्रामाणिक उत्तर द्यावं, असं त्यांनी ठरवलं.

"खंदक चुकीचे दाखवतात," ते म्हणाले. "खंदकाला उतार नसतो. चर नसतो. तीन दिवस पाऊस पडला, तर पाणी जाईल कुठे? ते गुडघ्यापर्यंत साठणार. माणूस त्यात उभा राहणार. पाय कुजणार. सिनेमात सगळे आकाशाकडे बघून मरतात. स्वतःच्या पायांकडे कुणीच बघत नाही."

कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि वॉल्टर अतिशय सावधपणे हेमचंद्रांकडे बघू लागले.

याच वेळी रेणू आत आली. व्हीलचेअरवर बसलेले वडील पाहून ती धावतच आईपाशी गेली. "आई, बाबांना काय झालं?"

"काही नाही गं. सत्कार चाललाय."

"व्हीलचेअरवर?"

"इथे तशी पद्धत असेल."

चहा-बिस्किटांच्या वेळी रेणू डेबीला शोधायला गेली आणि दोघे म्हातारे एका कोपऱ्यात शेजारी शेजारी राहिले. हेमचंद्रांना राहवेना.

"डावा खांदा," ते हळूच म्हणाले. "मग उजवा."

वॉल्टरनी कप खाली ठेवला. "तुम्ही पाहिलाय तर तो," ते म्हणाले.

"तीनदा."

"मी लाँड्रीत होतो," वॉल्टर म्हणाले. "चौदा महिने. फौजेचे कपडे धुतले. गोळीचा आवाज ऐकला तो लांबून. पहिल्यांदा शाळेत बोलावलं तेव्हा मी लाँड्रीचंच सांगितलं. पोरं जांभया द्यायला लागली. एकाने विचारलं, तुम्ही खरे सैनिक कधी होणार होता? पुढच्या खेपेला मी थोडं सिनेमातलं घातलं. आता सांगता सांगता मलाही कधी कधी किमची आठवण येते." त्यांनी टोपी सारखी केली. "तुम्ही सांगणार आहात का त्यांना?"

हेमचंद्रांच्या डोक्यात भलताच प्रश्न घोळत होता. "पाणी कुठून आणायचात?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"धुवायला. एवढ्या फौजेचे कपडे. पाणी कुठलं?"

वॉल्टरनी मान वर केली. गेल्या सत्तर वर्षांत हे त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. "नदीचं," ते म्हणाले. "पंपाने. हिवाळ्यात पाइप गोठायचे, मग आम्ही त्यांच्याखाली जाळ करायचो." आणि मग ते थांबेनात. वाळत घातलेले शर्ट गोठून दोरीवर हात पसरून उभे राहायचे. मोजे पायांच्या कातडीसकट यायचे. खिसे आधी तपासावे लागत. पत्रं निघायची, अर्धवट लिहिलेली. ती खोक्यांत ठेवायची, ज्याचा शर्ट तो परत घ्यायला आला की द्यायची. "काही खोकी भरतच गेली," वॉल्टर म्हणाले.

हेमचंद्रांनी नळाचा व्यास विचारला. सांडपाणी कुठे सोडलं ते विचारलं. कागदी रुमालावर वॉल्टरनी नकाशा काढला, हेमचंद्रांनी तो दुरुस्त केला.

तेवढ्यात रेणू डेबीला घेऊन आली. डेबीचा चेहरा पडला होता.

"हे बहात्तर वर्षांचे आहेत," रेणू तिला सांगत होती. "ते पाटबंधारे खात्यात होते. युद्ध संपलं तेव्हा बाबा जन्मलेसुद्धा नव्हते."

"बहात्तर?" डेबीने हेमचंद्रांकडे नीट पाहिलं. मघाचं कौतुक तिच्या नजरेतून नाहीसं झालं. "असं होय."

हेमचंद्र व्हीलचेअरवरून उठले. या वेळी कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी माफी मागितली, फॉर्मचं सगळं समजावून सांगितलं. डेबी भली बाई होती. ती हसली, पण लगेच गंभीर झाली. पुढच्या महिन्यात तिला वॉल्टरना तीन शाळांत न्यायचं होतं. आता तिला कशाचीच खात्री वाटेना.

"तुम्ही एवढे चित्रपट पाहिलेत," ती म्हणाली. "खरं सांगा. वॉल्टरची गोष्ट तुम्ही कुठल्या चित्रपटात पाहिलीत का?"

वॉल्टरनी रुमालाची घडी घातली आणि तो मुठीत धरला.

हेमचंद्रांनी नेहमीप्रमाणे नेमकं उत्तर दिलं. "एकसष्ट चित्रपट पाहिले," ते म्हणाले. "यांची गोष्ट अजून कुणीच दाखवलेली नाही. शाळेतल्या मुलांना पाण्याचं विचारायला सांगा."

डेबीने ते वहीत लिहून घेतलं. निघताना वॉल्टरनी हेमचंद्रांना सलाम केला. हेमचंद्रांना परत सलाम करावा की नमस्कार, हे ठरेना, तेव्हा त्यांनी दोन्हीचा अर्धा अर्धा केला.

परतताना गाडीत रेणू चिडली होती, आणि हसू येऊ नये म्हणून फक्त समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"ते म्हातारबाबा एवढं काय सांगत होते?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"कुणाला बोलू नका," हेमचंद्र म्हणाले. "ते लढलेच नाहीत. चौदा महिने सगळ्यांचे कपडे धूत होते. मोजे, शर्ट, आधी खिसे तपासायचे."

"आणि ती दोन पदकं?"

"त्याचीच."

सुवर्णाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मला सेहेचाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या.