उलट्या खुर्च्या

कुडपणच्या भिकूचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. त्यात आज त्याच्या मुलीला, दिशाला, बघायला महाडचे पाहुणे आले होते आणि मुलाचे वडील किशोरराव मुलीची चौकशी सोडून खुर्च्याच न्याहाळत होते. स्थळ चांगलं होतं, दिशाच्याही मनात भरलं होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून भिकूनं शेजारच्या महादूच्या सहा नक्षीदार खुर्च्या मागून आणल्या होत्या. वाडीत कुणाचीही मुलगी बघायला पाहुणे आले की त्याच खुर्च्या त्या घरी जात.

"खुर्च्या कुठल्या हो?" किशोररावांनी विचारलं.

"घरच्याच! अस्सल विलायती. आमच्या आज्याला म्हाबळेसरच्या सायबानं खुशीनं दिल्या," भिकूनं ठोकून दिलं.

किशोरराव शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. ते उठले, खुर्ची सरळ उलटी केली आणि तिच्या पायांवरून बोट फिरवू लागले.

भिकूनं बायकोला, रखमाला, चुलीपाशी गाठलं. "गो, ह्यो मानूस बरोबर नाय. बसायची वस्तू उलटी करून कोन बघतो?"

"ढेकूण बघत असंल."

"ढेकूण पायात असतात व्हय? महादूनं खुर्च्या चोरून आणल्या असनार, नि आता मी अडकनार!"

तोवर बाहेर चौथी खुर्ची उलटी झाली होती आणि पाहुणे भिंतीला टेकून उभे होते. चहा घेऊन आलेल्या दिशाला कप द्यायला बसलेला माणूसच सापडेना. शेवटी नवऱ्या मुलानं, मंगेशनं, ट्रे तिच्या हातातून घेतला.

"विलायती खुर्चीच्या पायाला पंजा असतो, पंजात गोळा," किशोरराव म्हणाले. "कल्पना मूळ चिन्यांची. ड्रॅगनच्या पंजात मोती. इंग्रज सुतारांनी ती उचलली. पण हा ड्रॅगन नाही. पुढं तीन बोटं, मागं एक, आणि वर ही आर, झुंजीत मारायची नखी. हा कोंबडा आहे!"

"म्हंजे नकली?" भिकूला घाम फुटला.

"माझ्या आजोबांच्या हातच्या!" किशोररावांनी खुर्ची छातीशी धरली. "साहेबानं नमुन्याला दिलेल्या खुर्चीचे पाय वाळवीनं खाल्लेले. पंजा कोरायचा तर ड्रॅगन कुणी पाहिलेला? आजोबांनी अंगणातला कोंबडा समोर बांधून ठेवला. जन्मभर या खुर्च्या शोधतोय मी. भिकूशेठ, लग्न ठरलं समजा. देणंघेणं काही नको. फक्त या सहा खुर्च्या मुलीबरोबर द्या."

भिकू कात्रीत सापडला. हो म्हणावं तर महादू डोकं फोडणार, नाही म्हणावं तर स्थळ जाणार. त्यानं दिशाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पाव्हनं, खुर्च्या माज्या नायत. शेजारच्या महादूच्या हायत. मी खोटं बोललो."

रखमानं कपाळावर हात मारून घेतला. किशोररावांनी हातातली खुर्ची जपून खाली ठेवली.

"या महादूंना लग्नाची मुलगी आहे का हो?"

दिशाचा चेहरा उतरला. इतका वेळ ट्रे धरून उभा असलेला मंगेश मात्र पुढं झाला.

"आबा, खुर्च्या हव्या असतील तर तुम्ही महादूकाकांकडे राहायला जा. मला दिशा पसंत आहे. बाकी मला काही नको."

भिकूच्या कपाळाला आठी पडली. तो रखमाच्या कानाला लागला. "कायच नको म्हनतोय. पोरात नक्की कायतरी खोट हाय—"

रखमानं मूठभर साखर त्याच्या तोंडात कोंबली. ती गिळून होईपर्यंत सुपारी फुटली होती.