बेचाळीस इशारे

धाकट्या मुलाचं लग्न झालं, त्याच वर्षी मास्तरांच्या कंपनीत प्रोग्रॅममधल्या चुका दाखवून तो यंत्रात उतरवणारा नवा कंपायलर आला आणि पाठोपाठ नवी सूनही तिथेच, त्यांच्या हाताखाली नोकरीला लागली. दोघांचंही टोकणं मास्तरांना खपत नसे.

कंपनी दवाखान्यांसाठी थेंबथेंब औषध सोडणारे पंप बनवी. पंपाच्या प्रोग्रॅमचा गाभा मास्तरांनी तीस वर्षांपूर्वी थेट यंत्राच्या भाषेत लिहिला होता. मागे फिरून कुठे यायचं हे यंत्राला कळावं म्हणून त्यात जागोजागी खुणा होत्या. खुणांची नावं दोनच, शून्य आणि एक.

"बेचाळीस इशारे!" मास्तर स्क्रीनवर खेकसले. "काय म्हणतोय हा मेला?"

"नुसत्या शून्य-एकाची खूण नको म्हणतो," सून म्हणाली. "ती खूण आहे की यंत्राची शून्य-एकात लिहिलेली संख्या, त्याला कळत नाही."

"तीस वर्षं कळत होतं, आता काय डोक्यावर पडला?"

तेवढ्यात मॅनेजर दारात आला. "चारला तपासनीस येतायत, मास्तर. एक जरी इशारा दिसला तर तुमचा गाभा काढून नवा लिहून घेणार. मग मला बोल लावू नका."

मास्तरांचं पित्त खवळलं. त्यांनी शून्याचं दहा केलं, एकाचं अकरा. इशारे बेचाळीस. शंभर केलं, एकशे एक केलं. बेचाळीस! मग टेबलावर मूठ आपटून एक हजार एकशे दहा केलं.

"बाबा, त्यातही शून्य-एकच आहेत. दोन लिहा."

"तू मला मोजायला शिकवतेस?"

"मी कुठे? तोच सांगतोय. इशाऱ्याची शेवटची ओळ वाचा ना."

"शेवटच्या ओळी मी वाचत नाही!"

जिन्यावर बूट वाजले. मास्तरांनी दातओठ खात दोन लिहिलं, तीन लिहिलं. बेचाळीसच्या बेचाळीस गपगार.

तपासनीस चष्मा वर सारून बराच वेळ न्याहाळत राहिला. "सगळं ठीक आहे. पण खुणा दोनापासून का?"



"का म्हणजे?" मास्तर गरजले. "शून्य-एक लिहिलं तर खूण कुठली अन् संख्या कुठली, कळेल का? एवढी साधी गोष्ट! बिचारा कंपायलर घसा फोडून सांगतोय, पण शेवटची ओळ वाचतंय कोण?"

तपासनिसानं ओशाळून सही केली.

गाभा आजही तोच आहे. मास्तर सहा वर्षांनी वारले.