गंगाराम तांडेलांचं माकडहाड

"माझी चुंबळ खंय गेली? अवो, घागर काय नुसत्या टाळक्यार थरतली?"

सुभद्राकाकींचा हा आवाज विहिरीवरून सुटला, की खाडीतले बगळे उडत आणि पलीकडच्या वाडीतल्या बायका आपापल्या चुंबळी मोजून घेत. चोर मात्र ठरलेला असे. काकींचे यजमान, गंगाराम तांडेल. घागरीखाली डोक्यावर ठेवायचं ते चिंध्यांचं कडं त्यांनी सायकलच्या सीटवर सुतळीनं आवळलेलं असे, आणि स्वतः त्यावर अशा बेतानं बसलेले असत की माकडहाड बरोबर मधल्या पोकळीत अधांतरी राहावं.

"बघा मास्तर," ते कुंपणावरून मला सांगत. "हाड बंदरात आसा. आता लाट लागाची नाय."

मी आचऱ्याच्या शाळेत मास्तर, त्यांचा शेजारी. त्यामुळे पुढचं सगळं खरं आहे. थोडं वाढलं असेल तर ते तांडेलांच्या तोंडून येताना वाढलं.

पंचावन्नाव्या वर्षी हा गृहस्थ सायकल शिकला आणि त्याच आठवड्यात त्यानं जाहीर केलं, की आपण फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाणार. कशाला? "त्या एस्टीची खोड मोडूक!" एस्टी त्यांची सात जन्मांची वैरीण. ज्या माणसानं तांडेल म्हणून, खलाशांचा म्होरक्या होऊन, मस्कतपर्यंत गलबतं नेली, डोलकाठी मोडली तेव्हाही हातातलं बांगड्याचं कालवण सांडू दिलं नाही, तो माणूस एस्टीत बसला की तिसऱ्या मैलावर ओकायचा. "गाडी कसली ती! नाळ नाय, सुकाणू नाय, खंय कलतली ता तिकाच ठावक नाय!"

सराव पुळणीवर चाले. ओहोटीनंतरची वाळू ओली, टणक. एक दिवस वारा पाठीवर आला आणि तांडेलांच्या अंगातलं गलबत जागं झालं. त्यांनी काकींचं लुगडं शिडासारखं सायकलला बांधलं. पाहणारे सांगतात, चाकं वाळूला लागतच नव्हती. समोर ओढून ठेवलेली होडी आली. सायकल थांबली, तांडेल थांबले नाहीत. ते थेट होडीच्या नाळेवर, त्या पुढच्या टोकदार लाकडावर, जाऊन बसले. होडीला चीर गेली, असं ते अजून अभिमानानं सांगतात. माकडहाडालाही गेली.

वैद्यबुवांनी फर्मावलं, तीन महिने पालथं पडून राहायचं.

"पालथी पडता ती पावसातली होडी!" तांडेल गरजले. "माझो पावस अजून इलो नाय!"

पाचव्या दिवशी ते चुंबळीवर होते. रोज कट्टा गावापर्यंत जाऊन येत. तिथल्या हॉटेलात चहा उभ्यानं, घरी जेवण उभ्यानं, देवळात भजन खांबाला टेकून. संध्याकाळी निरगुडीचा शेक. वाटेत कळ आली की पॅडलवर ताठ उभे राहत आणि मागे वळून हाडाला दम देत, "गप रव! तांडेल मी आसंय, तू खलाशी!"

मी एकदा म्हटलं, "तात्या, घाटात हाड निखळलं तर?"

"तर हाड थंयच रवांदे. मी फुडे जातलंय."

निघायच्या सकाळी देवळात नारळ ठेवला. देवळाचे मानकरी गावकर, त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! हो तुझो गंगाराम सायकलीन कोल्हापुराक चललो आसा. त्येचा माकडहाड सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. मागे कोणीतरी खिदळलं.

गावकर तांडेलांकडे वळले. "आनि कशाक चाललंस, ता देवाक सांग."

गाऱ्हाण्यात कारण सांगावं लागतं, आणि तिथे थाप चालत नाही. आम्ही एस्टीच्या उद्धाराची वाट बघत होतो. तांडेलांनी वाकून नारळाची शेंडी देवाकडे वळवली.

"चेडवाक बघूक," ते म्हणाले. "चार वर्सां झाली."

त्यांची एकुलती एक लेक शेवंती कोल्हापुरात दिलेली. सासू अंथरुणावर, त्यामुळे तिचं माहेरपण राहूनच गेलेलं. काकी एस्टीनं दोनदा जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा तांडेलही निघाले होते, आणि दोन्ही वेळा कंडक्टरनं त्यांना कणकवलीच्या आधीच उतरवलं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं. फक्त कोणी ते सायकलीशी जोडून पाहिलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. या खेपेला आवाज जरा खालीच लागला.

आठव्या दिवशी तांडेल परतले. सायकलीवरूनच. सगळी वाडी कुंपणाशी गोळा झाली. घाटात तीन एस्टी बंद पडलेल्या दिसल्या, तिघींना त्यांनी वाकुल्या दाखवल्या. एक वाघ आडवा आला, घंटी वाजवल्यावर बाजूला झाला. मी सगळं ऐकून घेतलं. माणसं पांगली, तेव्हा विचारलं,

"तात्या, शेवंती काय म्हणाली?"

"म्हनाली, बाबा, बसा."

"मग?"

"माका बसूक येयना. मगे ती पण उभीच रवली."