अकोल्याचा दिवा

आमच्या शेजाऱ्यांची पाण्याची टाकी मला फोनवर निरोप पाठवायची. रविवारी मी कणकेत हात घालून बसलेली असे आणि ओट्यावरचा फोन थरथरायचा: 'टाकी भरली. मोटर बंद करा.' टाकी माझी नाही, मोटरही माझी नाही. दोन्ही खंडारे काकांच्या. पण रविवारी काका मोटर लावून बहिणीकडे अकोल्याला जात, आणि त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असे. कणकेच्या हातानं मी जायची आणि मोटर बंद करून यायची.

एकदा वैतागून विचारलं, "काका, भरलेली कळते, तर मोटर तिची तीच बंद का नाही करत?"

"एवढा भरवसा ठेवाचा नाही मॅडम. खबर तिनं द्यायची, काम माणसानं कराचं."

अमरावतीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. त्यामुळे काकांचे सगळे प्रयोग मी आधी कानांनी आणि मग डोळ्यांनी पाहिले. टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, बागेत फिरतात. काकांना काडेपेटीएवढ्या संगणकांचं वेड लागलं. हिरवी पाटी, तिच्यावर काळे चौकोन, कडेला वायर लावायच्या बारीक सुया. पहिली पाटी कुरिअरनं आली तेव्हा तळहातावर ठेवून मला दाखवायला आणली. "हा अख्खा कॉम्प्युटर हाये, मॅडम. याले कमी समजू नका."

मी कमी समजत नव्हते, पण तो कुठे चालू करायचा हेही मला दिसत नव्हतं.

मग घरातली एकेक वस्तू बोलायला लागली. कढीपत्त्याच्या कुंडीत तार खोचली. माती सुकली की कुंडी काकांना कळवायची. फ्रिज उघडा राहिला की देवळातल्यासारखी घंटा. दाराशी कोणी आलं की काकांच्याच आवाजात "नमस्कार, या, बसा." एका दुपारी हे "नमस्कार, या, बसा" काही केल्या थांबेना. जाऊन पाहिलं, तर उंबऱ्यापुढे एक मांजर हलत-डुलत उभी, आणि काका तिला हाकलायचं सोडून कौतुकानं बघत होते.

"पाहा, बरोबर पकडून राहिला."

"अहो, पण मांजर आहे ती!"

"त्याले काय मालूम? कोनी तरी आलं, एवढी खबर त्यानं देल्ली."

खबर आली पायजे. हे त्यांचं पालुपद. वीज गेली, दूध उतू गेलं, कोणाचं लग्न ठरलं, काहीही असो, "खबर आली पायजे, बस." कॉलनीतली पोरं त्यांना मागून 'खबरकाका' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

काकांनी लग्न केलं नव्हतं. घरात ते एकटे आणि या बोलक्या वस्तू. त्यांचं खरं माणूस अकोल्यात होतं. शांताताई, त्यांची थोरली बहीण. लहानपणी गोवर निघाला आणि ताईंचे दोन्ही कान गेले. पुढे आई वारली, तेव्हा काका रांगत होते. त्यांना सांभाळायला ताईंनी शाळा सोडली, ती सोडलीच. अक्षरओळख राहिली नाही. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. एका वसतिगृहात स्वयंपाक करून त्यांनी दीड खोलीचं घर केलं, आणि आता ते सोडून अमरावतीला यायला तयार नव्हत्या. "माहं घर, माही चूल," एवढंच म्हणायच्या. ऐकू येत नसल्यानं फार मोठ्यानं म्हणायच्या.

"जिंदगीभर लोकाईच्या घरी फोन नेले, मॅडम," काका एकदा म्हणाले. "तिवसा तालुक्यातल्या खांबाखांबावर चढलो. न् माह्या बहिणीच्या घरी लावून काय करू? घंटी वाजली तर ऐकनार कोन?"

"व्हिडिओ कॉल करा ना."

"करून पाह्यला. फोन उचलला का ताई कानाले लावते. ऐकू तर काई येत नाही. मले निस्ता कान दिसते."

ते हसले, मीही हसले.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी दोन लाकडी डबे बनवले. डब्यात एक पाटी, वर एक लाल बटण आणि एक छोटा दिवा. एक डबा अकोल्यात ताईंच्या चुलीशेजारी भिंतीवर, दुसरा इथे काकांच्या उशाशी. तिथलं बटण दाबलं की इथला दिवा लागायचा, इथलं दाबलं की तिथला. बोलणं नाही, वाचणं नाही. सकाळी ताई उठल्या की बटण दाबायच्या. काका उलट दाबायचे. मगच दात घासायला उठायचे.

एका सकाळी दिवा लागला नाही. काका अंगात बनियन असतानाच बडनेरा स्टेशनवर गेले आणि मिळेल त्या गाडीत चढले. अकोल्यात पोचले तर ताई दारात मिरच्या वाळत घालत होत्या. रात्रभर वीज नव्हती म्हणून डबा बंद. ताईंनी भावाच्या बनियनकडे पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "असा आला काय रे स्टेशनावरून? लाज नाही वाटत?"

हा किस्सा काका स्वतःच रंगवून सांगत. पुढच्या रविवारी त्यांनी ताईंच्या डब्याला बॅटरी जोडली. त्यानंतर दिवा कधी चुकला नाही.

पुढच्या हिवाळ्यात, ताईंना आधी खुणांनी समजावून, काकांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. रविवारची अकोल्याची फेरी थांबली. मी जेवणाचा डबा घेऊन जायची तेव्हा ते पाय लांब करून पलंगावर बसलेले असत, आणि मी विचारायच्या आधीच उशाकडे बोट दाखवत. "लागला होता. ताई मजेत हाये."

काठी टेकत चालता येऊ लागलं, तसे ते न सांगता अकोल्याला गेले. ताईंना चकित करायचं होतं. दुपारी मला त्यांचा फोन आला.

"मॅडम, ताई उठून नाही राहिली."

ताई कित्येक आठवडे अंथरुणाला खिळल्या होत्या. छाती भरून यायची, पायांवर सूज होती. डॉक्टरनं दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं होतं, त्या ऐकत नव्हत्या. शेजारच्या रेहानाबी त्यांचं सगळं करत होत्या. आणि रोज सकाळी बटण दाबत होत्या त्याही रेहानाबीच.

काकांनी ताईंना मोठ्या दवाखान्यात नेलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा ताई डोळे मिटून पडल्या होत्या. काका दिसले तशा त्या उठायला धडपडल्या. त्यांचा हात काकांच्या पँटकडे गेला.

"वर कर," त्या म्हणाल्या. आवाज पूर्वीसारखा मोठा राहिला नव्हता. "टाके पाहू दे."

काकांनी खुर्चीवर बसून पँट गुडघ्यापर्यंत वर केली. ताईंनी व्रणावरून बोट फिरवलं, अगदी वरपासून खालपर्यंत. "चांगला शिवला," म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले.

त्या रात्री त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. तिथे कोणाला जाऊ देत नव्हते. काकांना आत सोडलं तेव्हा सगळं संपलं होतं.

अंत्यविधीला रेहानाबी आल्या, लांब उभ्या राहून रडल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अमरावतीला परतल्यावर मला म्हणाले, "त्या बाईनं मले फसवलं. दिवा लागला तर मी समजलो ताई हाये. तिनं निस्तं एक दिवस बटन नसतं दाबलं ना मॅडम, तं मी लंगडत गेलो असतो."

ते म्हणत होते ते खरंच होतं.

मग त्यांच्या घरातून आवाज यायचे थांबले. कुंडी, फ्रिज, दार, सगळ्यांच्या तारा त्यांनी काढून टाकल्या. मला रविवारी टाकीचा निरोप येईना. टाकी भरून पाणी गच्चीवरून सांडायचं, तेव्हा मीच भिंतीवरून हाक मारायची.

ताईंचं घर रिकामं करायचं होतं. "एकट्यानं होनार नाही," एवढंच म्हणाले. मी सोबत गेले. भांडी पोत्यात भरली, गादी बांधली. काकांनी भिंतीवरचा डबा खाली उतरवला आणि तो हातात घेऊन बाहेर आले. शेजारच्या दारात रेहानाबी उभ्या होत्या.

"भैया," त्या म्हणाल्या, "बाईने कसम दी थी. बोली, वो भागते आयेगा, टाके टूटेंगे."

काका डब्याकडे बघत राहिले.

"और मैं अकेली नहीं दबाती थी. रोज बाईको उठा के बिठाती थी. वो मेरी उंगली पकडती थी, फिर दोनो मिल के दबाते थे. जोर मेरा था, भैया. हाथ उसका था."

गल्लीतून एक भाजीवाली गाडी ढकलत गेली. काकांनी डब्यावरच्या लाल बटणावर अंगठा टेकवला.

"मले आत सोडलं तवा थंड झालता हात," ते म्हणाले. "तुमी पकडत होता तवा... गरम होता का?"

"गरम था, भैया. एकदम गरम."

काकांनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. मग डबा रेहानाबींच्या ओट्यावर ठेवला, काठी भिंतीला टेकवली, वाकून अवघडत चपला काढल्या आणि त्यांच्या घरात पाऊल टाकत म्हणाले, "जेवाले काय केलं वं बाई? सकाळपासून उपाशी हाओ आमी."